गाडीला मडी नाही, मुकुंदा

मुकुंदा, तू ऑटोतून गेलास. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उणकलच्या तुझ्या घरात ज्या खुर्चीवर बसून तू छातीवर हात दाबलास, तिथून दहा पावलांवर तुझ्या वडिलांची गाडी उभी होती. काळी, गोल पाठीची, छप्पन्न सालची. पत्र्यात बघून भांग पाडावा इतकी लख्ख. आणि कशी उभी होती? विटांवर चढवून, चाकं जमिनीपासून चार बोटं वर, बॅटरीच्या तारा सोडवून, अंगावर फ्लॅनेलची चादर. सुधावहिनी भर दुपारी अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि जो पहिला ऑटो थांबला त्यात तुला कसंबसं बसवलं. तो ऑटोवाला नंतर दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मन्याग कार ऐतल्री, मामा?" घरात कार होती की, मामा. मी त्याला काय सांगू? ती कार बसायची नाही, बघायची आहे, असं सांगू?

डॉक्टर म्हणाले, गाडीतून आणलं असतं तरी फरक पडला नसता. नसेल पडला. माझं भांडण डॉक्टरांशी नाही.

तुझ्या त्या जुन्या गाड्यांच्या क्लबनं त्यांच्या अंकासाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. प्राध्यापकसाहेबांच्या 'ओरिजिनॅलिटीच्या आग्रहाविषयी' लिहा, म्हणाले. मी गोकुळ रोडवर पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस, मला आग्रहाविषयी काय लिहिता येणार? हे जे लिहितोय ते तुला लिहितोय. त्यांनी छापलं तर छापू देत.

आधी ही गाडी कसली होती ते एकदा नीट मांडतो, कारण पुढं पुढं तू ते विसरलास. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवून विसरलास.

ती आली तेव्हा आपण दोघं सहा वर्षांचे. तुझे वडील धारवाडातले वकील, माझे अप्पा त्यांचे ड्रायव्हर. त्याच वर्षी आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला. अप्पा ह्या दोन्ही गोष्टी नेहमी एका दमात सांगायचे, जणू त्या दोन्ही एकाच टपालानं आल्या होत्या. गाडीला 'करेव्वा', म्हणजे काळी आई, हे नावही अप्पांनीच ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात तुझ्या आत्यानं तो प्रश्न काढला. तिला मठात जायचं होतं, मडीत. मडी म्हणजे सोवळं. तुमचं घर मराठी, पण धारवाडात राहून सगळ्यांच्या तोंडात मडीच बसलेलं. आता मडीचं लुगडं नेसून माझ्या अप्पांनी चालवलेल्या गाडीत बसायचं कसं? आत्या तसं उघड बोलली नाही. ती म्हणाली, "गाडीला मडी कशी करायची रे?" वकीलसाहेब पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "आक्का, गाडीला मडी नाही. ज्याला मडी पाळायची त्यानं चालत जावं." आत्या चालत गेली. दोन महिने चालत गेली, मग गुडघे बोलायला लागले आणि एक दिवस मुकाट्यानं येऊन मागच्या सीटवर बसली. अप्पा म्हणायचे, त्या दिवशी मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं गेले.

मग त्या गाडीत कोण बसलं नाही? माझ्या आईला बाळंतपणाला तिच्यातूनच नेलं. दुर्गदबैलाच्या बाजारातून तांदळाची पोती तिच्यातून आली, तुझ्या मुंजीच्या बुंदीची पातेली तिच्यातून आली. आमच्या गल्लीतल्या पोरांना वकीलसाहेबांनी एकदा कलघटगीपर्यंत फिरवून आणलं, तेव्हा त्यातल्या दोघांनी सीटवर उलट्या केल्या. वकीलसाहेबांनी धोतर खोचून अप्पांच्या बरोबरीनं ती सीट धुतली. तो डाग वकीलसाहेब असेपर्यंत गेला नाही. तूच तो नंतर बंगळुरूहून कसलंसं औषध आणून घालवलास, आणि घालवल्यावर किती खूश झालास!

तसा तू तुझ्या बापाचाच लेक होतास, हेही सांगायला हवं. आमच्या घरी तू जेवढं जेवलास तेवढं स्वतःच्या घरी जेवला नसशील. अप्पा गेले तेव्हा माझ्या आधी तुझा खांदा तिरडीखाली होता. माझ्या मुलीला इंग्रजी यावं म्हणून तू तीन वर्षं दर शनिवारी बस पकडून आलास. आज ती कॉलेजात शिकवते आणि तुझ्यासारखीच चष्मा कपाळावर चढवून बोलते. हे सगळं माझ्या लक्षात आहे, म्हणून तर चिडलोय. परक्याचं बोलणं माणूस थुंकून टाकतो.

वकीलसाहेब गेल्यावर करेव्वा वर्षानुवर्षं धारवाडच्या शेडमध्ये पडून राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तू निवृत्त झालास, उणकलला घर बांधलंस आणि गाडीची खोली स्वयंपाकघरापेक्षा मोठी काढलीस. वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "नाकापेक्षा मोती जड झाला की हो." तू हसलास. मग आपले रविवार सुरू झाले. पाच वर्षं. एकही रविवार चुकला नाही. सकाळी मी हत्यारं घेऊन यायचो, तू जुन्या टूथब्रशनं नट घासत बसलेला असायचास.

त्या पाच वर्षांत मी तुझ्याकडून शिकलो, हे कबूल करतो. आम्ही गॅरेजवाले, जुनं काढलं की फेकलं, नवं बसवलं की गाडी चालू. मी तिचा डायनमो काढून नवा अल्टरनेटर घालायला निघालो होतो, तू आडवा पडलास. "यशा, अस्सल कागदावर कुणी खाडाखोड करतं काय? हे तिचं अक्षर आहे." मी शिव्या देत त्या डायनमोची तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घेतली. आणि तो चालला, मुकुंदा. त्याची ती बारीक घुंईं ऐकून मला अप्पा स्टिअरिंगवर बसलेत असा भास झाला. तेव्हा तू बरोबर होतास. खिडकी वर करायच्या एका हँडलसाठी तू चार वर्षं भंगारवाल्यांच्या दुकानातून फिरलास, आणि ते दुर्गदबैलात एका कुलूपवाल्याकडे सापडलं तेव्हा मला फोन करून नुसताच हसत राहिलास. त्या हसण्यासाठी मी तुझं काहीही ऐकलं असतं.

करेव्वा सुरू झाली तो दिवस तर विसरणं शक्य नाही. वहिनी गुडघ्यांमुळं बसू शकल्या नाहीत, आपण दोघंच निघालो. धारवाडपर्यंत गेलो, रस्त्याकडेला उभं राहून चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं, तू तेलकट बोटं तशीच स्टिअरिंगला पुसलीस. परत येताना ब्रेक नीट लागेना म्हणून मी घाबरलो होतो आणि तू गात होतास, तेही बेसूर. पुढच्याच महिन्यात तुला तो क्लब भेटला.

त्या क्लबनं तुला एक शब्द दिला, ओरिजिनल. आधी तुझ्याजवळ 'अस्सल' होता, तो चांगला शब्द होता. त्यात माणसाला जागा होती. हा नवा शब्द आला आणि करेव्वा बाहेर पडायची थांबली. बूट काढून आत बसायचं. मग आतच बसायचं नाही. मग हात लावायचा तर पांढरे हातमोजे. बंगळुरूच्या प्रदर्शनाला गाडी लॉरीवर चढून गेली आणि मालक बसनं, मांडीवर डबा घेऊन! मी तुला म्हटलं, "मुक्या, तू हिला मडीत बसवलंस." तू म्हणालास, "तुला कळत नाही त्यातलं." मी म्हटलं, "तुझ्या बापाला कळत होतं." तू उठून आत गेलास आणि वहिनींनी चहा आणला तो मी एकट्यानं प्यायलो.

मी फार मोठं काय मागत होतो? गाडीला सीटबेल्टचे पट्टे नव्हते, सीट इतकी खोल की वहिनी बसल्या तर उठणार नाहीत. सीटखाली दोन इंचाची लाकडी पट्टी आणि पट्ट्यासाठी तळाच्या पत्र्यात साडेतीन सुतांचं एक भोक. अर्ध्या इंचापेक्षाही कमी. गालिच्याखाली जाईल, कुणाला दिसणार नाही. तू म्हणालास, "मला दिसेल." मी म्हटलं, "आणि बायको ऑटोतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते ते दिसत नाही?" ते भोक घेऊन आपण दोन वर्षं भांडलो. मी ड्रिल घेऊन यायचो आणि तसाच परत न्यायचो. तरी रविवारी यायचो.

मग धारवाडचं ते प्रदर्शन. कॉलेजच्या मैदानावर, दोरी बांधून, मधोमध करेव्वा. बॉनेट उघडं. बंगळुरूहून आलेले परीक्षक शेजारच्या गाडीपाशी उभे. मी बाजूला उभा होतो आणि मला दिसलं की पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी थेंब जमतोय. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब म्हणजे काय, हे तुला ठाऊक नसेल, मला आहे. मी दोरीखालून वाकून हात पुढं केला. आणि तू ओरडलास.

"यशा, शिवू नको रे!"

मराठीत हे सांगायच्या तऱ्हा काय कमी आहेत? हात लावू नको. धरू नको. थांब, म्हण. ऑईलचे हात आहेत, म्हण. कानडीत 'मुट्टब्याड' म्हणाला असतास तरी ते गर्दीत गेलं असतं, तिथं शंभर माणसं तेच बोलत होती. तुला नेमका तोच शब्द सापडला. तुझ्या आत्याचा शब्द. तिनं तरी तो माझ्या अप्पांना तोंडावर कधी म्हटला नाही, मनात ठेवून चालत मठात गेली बिचारी. परीक्षकांना मराठी येत नव्हतं. तिथं जमलेल्या सगळ्या माणसांत तो शब्द दोघांनाच कळला, एक मला आणि एक तुला. तुला कळला हे मला माहीत आहे. तुझा चेहरा मी बघितला, पांढरा फटक पडला होता. मी हात मागं घेतला, खिशातल्या फडक्याला पुसला आणि घरी आलो. करेव्वाला त्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं.

तुला तसं म्हणायचं नव्हतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तू ऑईलच्या डागाला भ्यालास, दुसरं काही नाही. पण ज्या माणसानं माझ्या ताटात हात घालून भाकरी तोडली, त्याच्या जिभेखाली तो शब्द इतकी वर्षं तयार बसलेला होता? कुठं ठेवला होतास? सोवळ्याची गाडी झाली की सोवळ्याची जीभही येते, एकटी गाडी मडीत राहत नाही. वकीलसाहेबांना हे पायरीवर उभ्या उभ्या कळलं, आणि तुला हातमोजे घालून कळलं नाही.

तीन आठवड्यांनी तू गॅरेजात आलास. मी एका टेंपोखाली होतो. तू स्टुलावर बसलास, दोन चहा प्यायलास, दिव्याच्या जुन्या बल्बविषयी बोललास. मी खालूनच हं हं म्हणत होतो. मग बल्बही संपले. मला टेंपोच्या खालून तुझे फक्त पाय दिसत होते, ती तपकिरी चप्पल, आणि एक पाय सारखा हलत होता. मला कळलं की तू आता बोलशील. मी बाहेर आलो नाही. त्या टेंपोचं काम दहा मिनिटांपूर्वीच झालं होतं, तरी मी पाना फिरवल्यासारखं करत राहिलो. तू म्हणालास, "बरं, येतो." मी म्हटलं, "हं." तुला बोलायला सोपं व्हावं असं मी काहीच केलं नाही, हे माझ्याकडून लिहून घे. पण बोलायचं तुला होतं, मला नव्हे. चौदा महिने होते तुझ्याकडे. फोन होता, पोस्ट होतं, नाही तर वहिनींच्या हाती चिठ्ठी पाठवायची.

मी उणकलला येणं थांबवलं. आणि माझ्याशिवाय दुसऱ्या मेकॅनिकला तू करेव्वाच्या जवळ येऊ दिलं नाहीस. हे मला वहिनींनी परवा सांगितलं. दोन जणांना त्यांनी बोलावलं होतं, तू दोघांनाही दारातून परत पाठवलंस. "यशा येईल तेव्हा बघू," म्हणालास. मग बॅटरी उतरली, टायर बसायला लागले, म्हणून विटा आणल्यास. तर त्या दुपारी गाडी विटांवर का होती, याचं उत्तर हे आहे. ते ऐकल्यापासून मला झोप नाही, आणि त्याचाही राग तुझ्यावरच काढतोय. दुसरा कुणी समोर नाही.

चौदाव्याला मी आलो. क्लबचे एक गृहस्थ हार घेऊन आले होते, वहिनींना समजावत होते की गाडी आहे तशी काचेच्या दालनात ठेवली पाहिजे, हा वारसा आहे, कुणी हात लावता कामा नये. वहिनींनी त्यांना लाडू दिला, पाणी दिलं आणि तुझी डायरी माझ्या हातात ठेवली. तुझं अक्षर. 'गाडी यशवंताकडे जावी. मूळ स्वरूपात राहावी.' फक्त दोन वाक्यं. पहिल्यानं दिलंस आणि दुसऱ्यानं माझे हात बांधलेस! मी पान मागंपुढं चाळलं, तिसरं वाक्य कुठं आहे का बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मला जे हवं होतं ते तीन शब्दांचं होतं, पानावर भरपूर जागा होती. त्या पानावर तू उलट पेट्रोलच्या टाकीची मापं लिहून ठेवली होतीस.

ते गृहस्थ गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक विचारू काय?"

"विचारा की."

"मला एकदा हीत बसायचंय. ह्यांच्याबरोबर तर झालं नाही. ऑटोत बसलं की मला ती दुपारच आठवते, आता ऑटो साकु, पुरे झाला. ही माझ्या गुडघ्याला जमेल तशी करता येईल काय?"

"वहिनी, त्यानं लिहिलंय ते वाचलंत ना?"

"वाचलं की. चाळीस वर्षं त्यांचंच वाचत आले. तुम्ही काय म्हणता ते सांगा."

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

आधी करेव्वा विटांवरून उतरवली. पेट्रोलची ती नळी बदलली, ती अजूनही गळत होती, बक्षिसासकट गळत होती. ब्रेक नवे केले. डायनमोला हात लावला नाही, तो तुझा. सीटखाली लाकडी पट्टी घातली. मग तळाचा गालिचा उचलला, पत्र्यावर खडूनं खूण केली आणि ड्रिल लावलं. पत्रा इतका चांगला होता, मुकुंदा! इतक्या वर्षांत गंजाचा टिपूससुद्धा नाही, तू काय राखला होतास! मला ड्रिल दाबवेना. दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. तिसऱ्यांदा डोळे पुसले आणि दाबलं. चांदीसारखा कीस बाहेर आला, तो मी कागदात गोळा करून ठेवलाय, का ते मला विचारू नकोस.

गुरुवारी वहिनींना पुढं बसवलं. पट्टा लावला. उणकलच्या तळ्याला वळसा घालून निघालो तर मला वाटलं त्या आता रडतील. त्या काच खाली करून तुला शिव्या देत होत्या, मराठीत आणि कानडीत, आलटून पालटून, आणि मध्येच हसत होत्या. मी परत वळायला लागलो तर म्हणाल्या, "कशाला? धारवाडपर्यंत जाऊ की." सिग्नलला लोक फोन काढून फोटो घेत होते. एका शाळेतल्या मुलीनं येऊन दारावर हात फिरवला, वहिनी म्हणाल्या, आत ये बघायला. ती बूट घालून आत आली. मला तुझी फार आठवण झाली.

क्लबच्या गृहस्थांचा काल फोन आला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. भोक का पाडलंत, म्हणाले, प्राध्यापकसाहेबांची शेवटची इच्छा होती. मी सांगितलं, वहिनींच्या गुडघ्यांसाठी आणि जिवासाठी. वहिनींना वाटतं, मी ते वकीलसाहेबांच्या शब्दासाठी केलं. दोन्ही खरं आहे. तुला मात्र तिसरं खरं सांगायला हवं, तुझ्याशी मी आजवर खोटं बोललो नाही. त्या स्टुलावर बसून एकदा 'यशा, चुकलं रे' म्हणाला असतास, तर वहिनींना मी माझ्या पाठीवर घेऊन फिरवलं असतं, पण तुझ्या गाडीचा एक स्क्रूही कुणाला बदलू दिला नसता.